हाताने दोन फेरे

ताई — गाडी कधी होईल तेवढं सांग. बाकीचं नंतर.

मिस्त्री — टायमिंग बेल्ट चढवलाय, पुली लागली. पंखा बसवला की झाली. पण तू कशी आलीस? संध्याकाळी दाजी येणार होते ना गाडी न्यायला? आणि हाताला फडकं कसलं बांधलंयस?

ताई — दारात सापडला.

मिस्त्री — कुठल्या?

ताई — याच गाडीच्या. तो लावत होता.

मिस्त्री — चुकून?

ताई — दोनदा.

मिस्त्री — बोटं हलतात का?

ताई — दोन हलतात. हात राहू दे बाळ्या, गाडीचं बघ.

मिस्त्री — तू घरी जा, ताई. आजची संध्याकाळ कशीबशी काढ. दाजी गाडी घेऊन घाटात जाणार म्हणाले ना, जाऊ देत. उद्यापासून तुला कुणी बोट लावणार नाही.

ताई — म्हणजे काय?

मिस्त्री — म्हणजे काही नाही. बोलायची पद्धत.

ताई — खोटं बोललास की तू नाक पुसतोस. आत्ता ग्रीस लावून घेतलंस नाकाला. काय करून ठेवलंयस?

मिस्त्री — बेल्ट ताणून धरणारी एक चाकी असते, टेन्शनर म्हणतात. तिचा बोल्ट पान्याने आवळलेला नाही. नुसता बोटांनी लावलाय. सपाटीला काही कळणार नाही. घाटात जोर पडला की चाकी ढिली होणार, बेल्ट दोन-चार दात सरकणार आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार. इंजिन मेलं की ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग हलत नाही. पुढे उतार आणि दरी.

ताई — त्यात बसलेलं कोण असणार होतं?

मिस्त्री — तो. एकटाच.

ताई — जाताना एकटा. येताना माझी पोर.

मिस्त्री — ती कशाला? ती तर वसतिगृहात आहे.

ताई — घाटापलीकडून तिलाच काढून आणायला निघालाय. दुपारी शर्टाला इस्त्री करून घेताना सांगितलं. पोर माझ्या ताब्यात असली की बघतो, म्हणाला, तू घर सोडून कशी जातेस ते. म्हणून त्याच्या आधी मी जाणार, याच गाडीने. उघड ते.

मिस्त्री — आई गं. तू चालवणार होतीस ही?

ताई — मी पोरीपर्यंत पोचले नसते आणि तू झोपला असतास शांत. उघड, म्हटलं ना.

मिस्त्री — तुला गाडी येते कधीपासून?

ताई — शाळेची बस चालवते ना ती बाई, तिने शिकवलं. भाजीला म्हणून बाहेर पडायचे आणि बस फिरवायचे. बसपुढे ही म्हणजे खेळणं.

मिस्त्री — आणि दाजी कुठेत आत्ता?

ताई — दाजी म्हणू नकोस त्याला. बेडरूममध्ये आहे, बाहेरून कडी घातलीय. फोन माझ्या पर्समध्ये आहे त्याचा.

मिस्त्री — तो कसा कोंडून घेईल मुकाट्याने?

ताई — इस्त्री तापलेलीच होती. डाव्या हातानेच उचलली आणि दाबली. कानापासून हनुवटीपर्यंत. चामडीचा वास अजून जात नाही नाकातून. आता उघडतोस की मी उघडू?

मिस्त्री — पुली परत काढावी लागेल. हा पाइप पान्यावर चढवलाय, गाडी गिअरमध्ये आहे. तू पाय दे यावर. सगळं वजन टाक.

ताई — सुटला?

मिस्त्री — पहिल्याच दणक्यात. थोडा जोर शिल्लक ठेव, पुढे लागेल. आता बॅटरीचा उजेड धर इकडे. हे कव्हर निघालं. बघ, हा तो बोल्ट. बोटांनी फिरतोय.

ताई — दाखवू नकोस मला. आवळ.

मिस्त्री — आधी ताण बघतो, मग आवळतो. गिअर काढ.

(शटरवर बाहेरून लोखंडाचा घाव बसतो. मग दुसरा.)

दाजी — मेहुणेबुवा, आत आहात ना? शटर उघडा बघू जरा.

ताई — बेडरूमचं दार फोडलंन. बाळ्या, चालू कर गाडी.

मिस्त्री — नाही. हाताने दोन फेरे फिरवल्याशिवाय किल्ली नाही. काही चुकलं असेल तर हाताला अडकतं आणि मागे घेता येतं. किल्लीने अडकलं तर इंजिनाचा भुगा. मग तू इथेच आणि तोही इथेच. वरच्या-खालच्या दातेरी चाकांवर खुणा आहेत, त्या आपापल्या रेघेसमोर यायला हव्यात; त्यांवर उजेड पाड.

दाजी — चेहऱ्याची फार आग होतेय हो. तिनेच केलं. मी रागावलेलो नाही, तिला फक्त घरी न्यायचंय. आता तिच्या हाताच्या वाटेला नाही जाणार मी, पाय मोडेन. स्वयंपाकाला पाय लागत नाहीत.

मिस्त्री — ऐकू नकोस त्याचं. एक फेरा झाला. खुणा?

ताई — खालची समोर. वरची उलटी.

दाजी — ही पहार बरी आहे हं तुमची. बाहेरच पडली होती. पत्रा वाकतोय हिने.

मिस्त्री — बरोबर, वरची दुसऱ्या फेऱ्याला येते. हा दुसरा. जड जातंय.

ताई — अडकलं?

मिस्त्री — नाही, दाब येतो सिलिंडरचा. आता खुणा नीट बघ. माझ्याकडे नको, खुणांकडे.

ताई — वरची समोर. खालची पण.

मिस्त्री — मग लागला बेल्ट. हा आवळला बोल्ट, पान्याने. कव्हर राहू दे, पुली आणि पंखा चढवतो. तू बस जा. आणि कान झाक हवं तर.

ताई — झाकायला एकच हात आहे. कर लवकर.

दाजी — आतून आवाज नाही येत, मेहुणेबुवा. पत्र्यानंतर तुम्हीच आहात.

मिस्त्री — झालं. पंखाही लागला. आता ऐक, ताई.

ताई — तू ऐक. शटर उचल. समोर उभा असेल तर असू दे. मी ब्रेक मारणार नाही.

मिस्त्री — मग तू तुरुंगात आणि पोर कुणाकडे? त्याला मी हलवतो समोरून. माझ्यावर सोड.

ताई — मागच्या वेळी तुझ्यावरच सोडलं होतं. तूच मला या सीटवर बसवून परत पाठवलंस. होतं असं संसारात, सांभाळून घे, म्हणालास.

मिस्त्री — म्हणालो. त्याच्यादेखत म्हणालो. म्हणून तर आज तो माझ्यावर विश्वास ठेवेल. किल्ली एक टप्पा फिरव. पिवळा दिवा लागेल, तो विझेपर्यंत स्टार्टर मारू नकोस, डिझेलचं थंड इंजिन आहे, आधी आतून तापावं लागतं. दाजी, ऐकताय का?

दाजी — बोला.

मिस्त्री — पत्रा नका फोडू, जाम बसलाय तुमच्या दणक्यांनी. मागच्या गल्लीतून या, तिथलं दार काढतो. ती रडत बसलीय इथे, घेऊन जा एकदाची. मलाही बायकापोरं आहेत, रोजचा तमाशा नको माझ्या दारात.

दाजी — वा. मी नेहमी म्हणतो, त्या घरात समजूतदार माणूस एकच. आलो हं.

मिस्त्री — गेला. पावलं ऐकू येतायत गल्लीतून. दिवा?

ताई — आहे अजून.

मिस्त्री — थांब.

ताई — तो पोचेल, बाळ्या.

मिस्त्री — थांब, म्हटलं ना.

ताई — विझला.

मिस्त्री — मार. लागली की नाही एका दमात? शटर वर घेतोय. निघ.

ताई — तू पण बस.

मिस्त्री — आणि त्याला मोकळा सोडू तुझ्या मागे? माझी मोटारसायकल उभी आहे इथे, ती घेऊन गाठेल तुला. निघ, ताई. पोरीला सांग, मामाने विचारलंय म्हणून.

(दाजी पहार घेऊन उघड्या शटरमधून आत येतो.)

दाजी — शटर जाम होतं ना?

मिस्त्री — होतं. गाडी बघून निघालं.

दाजी — मोटारसायकलची किल्ली दे.

मिस्त्री — किल्ली तिथे खिळ्यावर आहे. पेट्रोलची नळी मात्र कापली आत्ताच.

दाजी — मग फोन दे तुझा. वसतिगृहात कळवतो, आई आली तर पोरीला बाहेर सोडू नका म्हणून.

मिस्त्री — जळक्या ऑइलच्या बादलीत आहे. हात घालून बघा.

दाजी — असं. हात ठेव त्या टेबलावर. ज्याने शटर उचललंस तो.

मिस्त्री — दोन्ही हातांनी उचललं.

दाजी — बरं. हा पहिला. ओरड की, कुणी नाही ऐकायला. कुठल्या रस्त्याने गेली? घाटाच्या की खालच्या?

मिस्त्री — थांबा. श्वास घेऊ दे.

दाजी — घे. मग बोल. नाही बोललास तर दुसराही मोडतो, आणि मिस्त्रीला हात नसले की काय राहतं, ते तू मला सांग.

मिस्त्री — मार. आज मला दुसरं काम नाही.