दुसरा डोस बाकी

सुकेशनी: तसं नाही आजी, बाटली एकदा फोडली की दहा जणांना पुरवावी लागते. नऊवर फोडली तर एक डोस वाया, आणि वरून जाब मला विचारतात.

सरजाबाई: मग मोज की नीट. भाईर बाकावर नऊ, आन मी काय हितं मीठ-मिरची इकायला उभी हाय? धा झाले.

सुकेशनी: तुम्हालाही बूस्टर घ्यायचाय होय? मला वाटलं, तुम्ही माणसं हाकायलाच आलात.

सरजाबाई: हाकावीच लागत्यात. आज ताडकळसचा बाजार, समदं गाव तिकडं पळायलंय. दगडाबाईला तर मी टमटममधून खाली उतरवली. तू नवी हायस, महिना न्हाई झाला तुला येऊन, तुला मालूम न्हाई. सुईला माणूस आणायचा तर सिद्धोधनच्या मायला, मंजे मला, सांगायचं. आधीच्या सिस्टरला इचार.

सुकेशनी: ऐकतात तुमचं?

सरजाबाई: न ऐकून जात्यात कुठं? दारात उभी ऱ्हाते आन एकच म्हणते. मपल्या पोरानं मपलं ऐकलं, सुई घेतली न्हाई आन कोरोनानं मेला. तुमी बी मरा, मपलं काय जातंय? मुकाट्यानं चपला घालत्यात.

बबिता: आत्याबाई, बसा ना तुमी. सिस्टरला काम करू द्या.

सरजाबाई: तू गप. ही मपली सून, सिस्टर. फोन हिच्यापशी असतोय, तेवढ्यापुरती आणली.

सुकेशनी: नंबर सांगा, ताई.

बबिता: त्यांचं आधार कार्ड आणलंय. त्याच्यावर न्हाई व्हायचं का?

सुकेशनी: नंबरानंच उघडतं हे अ‍ॅप.

सरजाबाई: सांग की गं. नंबर सांगायला काय मुहूर्त लागतोय? सिद्धोधनचाच हाय, सिस्टर. माणूस गेला, नंबर चालूच हाय.

सुकेशनी: हं, आलं. सरजाबाई, दोन झालेत, बूस्टर घ्यायचाय. बबिता, तिन्ही झालेत. आणि सिद्धोधन... यांचा दुसरा डोस बाकी दाखवायलंय.

सरजाबाई: दुसरा कसा? पयलाच बाकी असंल. चष्मा पूस.

सुकेशनी: पहिला झालाय, आजी. गेल्या वर्षी, तेवीस एप्रिलला.

सरजाबाई: मग मशीन चुकलं तुझं. मी शपथ घातली होती त्याला. शाळेत पयला कॅम्प लागला तवा शर्ट घालून निघाला होता, मी उंबऱ्यात आडवी झाले. म्हनलं, त्या सुईनं चांगली माणसं मरायलीत, गेलास तर मपलं मेलेलं तोंड बघशील. शर्ट काढून खुंटीला अडकवला त्यानं. शेहेचाळीस वर्षांचा गडी, पर मपला शब्द कधी मोडला न्हाई.

सुकेशनी: नावाचा काही घोळ असेल. जाऊ द्या, मी तुमचं घेते.

सरजाबाई: कामून जाऊ द्या? मेलेल्या माणसाच्या नावावर काहीबी लिवता तुमी? बबिता, तू सांग हिला. बबिता, मी तुला बोलायलेय.

बबिता: घोळ न्हाई, आत्याबाई.

सरजाबाई: मंजे?

बबिता: घेतली होती त्येंनी. मीच घेऊन आले होते, हितंच. तुमाला सांगितलं, मपली मावशी आजारी हाय, तिला बघून येतो.

सरजाबाई: तू नेलंस.

बबिता: तीन आठवडे मी मागं लागले होते. न्हाईच म्हणायलते. शेवटी म्हनलं, मायला कळूच द्यायचं न्हाई. तेवीसला घेतली आन सत्तावीसला ताप आला.

सरजाबाई: सुईनं.

सुकेशनी: सुईनं नाही, आजी. सुईचा ताप दोन दिवसांत उतरतो. आजार तेव्हाच कुठूनतरी शिरला असणार. सुई लागू पडायला दोन-तीन आठवडे जावे लागतात. यांना चारच दिवस मिळाले.

सरजाबाई: तुला न्हाई इचारलं. सव्वा वर्ष झालं, बबिता. सव्वा वर्ष मी दारोदार सांगत फिरले की मी मपलं पोरगं मारलं. तू मागं उभी ऱ्हाऊन ऐकलंस. मपल्या दोन सुया झाल्या तवा बी हेच दिसलं असंल की.

बबिता: आधीच्या सिस्टरला मी हात जोडले होते. म्हनलं, वाचू नका त्यांच्यासमोर.

सरजाबाई: एवढे पोटातले डाव!

बबिता: सांगितलं असतं तर तुमी काय म्हनल्या असत्या?

सरजाबाई: काय म्हनले असते?

बबिता: आत्ता म्हनल्यात तेच. सुईनं. आन सुईला नेलं कोणी? मी. समद्या गल्लीत तुमी मला नवरा खाल्लेली करून ठेवलं असतं. तुमच्या तोंडाला मी लय भेते, आत्याबाई. आन मला तरी कुठं ठाव हाय? मी नेलं म्हणून गेले का तुमी अडवलं म्हणून.

सरजाबाई: सिस्टर, तू शिकलेली हायस. त्या शाळेतल्या कॅम्पातच घेतली असती तर?

सुकेशनी: असं सांगता येत नाही, आजी.

सरजाबाई: वाचला असता का न्हाई, एवढंच सांग.

सुकेशनी: वाचलाही असता.

सरजाबाई: हं. मंजे मी बोलायलते ते समदंच खोटं न्हाई.

बबिता: आत्याबाई...

सरजाबाई: शब्द मोडला त्यानं. पर तीन आठवडे पाळून मोडला. मोडायचाच होता तर पयल्या दिवशी मोडायचा होता, लेकरा.

दगडाबाई: (दारातून डोकावत) अगं सरजा, बाजार बुडवलास मपला, आन सुईचा पत्ता न्हाई. व्हायलंय का जाऊ आमी?

सरजाबाई: बस गुमान! बाटली फोडायलीय ती.

सुकेशनी: गेल्या त्या. आजी, आता या लोकांना काय सांगणार तुम्ही?

सरजाबाई: काय सांगू? पोरानं घेतली होती तरी गेला? बाकावर चिटपाखरू ऱ्हाणार न्हाई. चार दिवस आन तीन आठवडे, हे त्येंना कोण समजावत बसणार? मपलं चाललंय तसंच चालू दे. बबिता, तू बी बोलायचं न्हाई.

बबिता: मंजे लोकांत दोष तुमच्यावरच?

सरजाबाई: मला सवय झालीय. तुला झेपायचा न्हाई. फोड गं बाटली.

सुकेशनी: हात सैल सोडा. झालं. आता अर्धा तास बाहेर बसा. चक्कर आली तर आवाज द्या.

बबिता: चला, हात धरा मपला.

सरजाबाई: नगं. येते मी. त्याला बी बसवलं होतं का अर्धा तास?

बबिता: बसवलं होतं. ह्याच बाकावर.

सरजाबाई: काय बोलला?

बबिता: काही न्हाई. सारखे फोन काढून बघायलते. मधीच म्हनले, माय बरी असंल ना घरी.

सरजाबाई: आन तू?

बबिता: मी हसले.

(अर्धा तास उलटून गेल्यावर, त्याच बाकावर.)

बबिता: लोकं गेले समदे, आत्याबाई. सिस्टर कुलूप लावायलीय. उठायचं?

सरजाबाई: बस जरा. घरी जाऊन तरी काय बोलायचं हाय आपल्याला.