पाच लिंबांचे पैसे

आजच्या सभेचे अध्यक्ष, शाळा समितीचे प्रमुख माननीय वीरनगौडा, गदगहून अगत्यानं आलेले अधिकारी साहेब, सत्कारमूर्ती शिक्षिका शिवलीला मेटी अक्कोर, माझे सहशिक्षक, पालक बंधुभगिनींनो आणि मघापासून मुसमुसणाऱ्या माझ्या लेकरांनो,

मी दाक्षायणी हूगार. एकतीस वर्षं याच शाळेत पहिली-दुसरीला आकडे शिकवते आहे. बदलून जाणाऱ्याचे निरोपाच्या दिवशी गुण गावेत, असा रिवाज आहे. ते मी गाणारच. पण आधी खरं सांगते. या बाईंचा मी नऊ वर्षं मनापासून हेवा केला.

का करू नये? माझ्या वर्गातली उजळणी ऐकून रस्त्यावरचा माणूस थबकायचा. आणि या आल्या, त्या चिंचोके अन् कागदी नोटा घेऊन वर्गात दुकानच मांडून बसल्या! महिनाभरात चुरमुऱ्यांचं गिरमिट विकणारा मल्लप्पा मला म्हणतो, "अक्कोरे, मेटीअक्कोरांच्या पोरांना एक रुपया कमी देऊन बघा, दुकानातून हलत नाहीत!" तो हसत होता. मला मिरची झोंबली.

त्यातून रेणव्वा. माझ्याकडे दोन वर्षं होती; विसाच्या पुढे गाडी जाईना. मी तिच्या आईला सांगून टाकलं, "हिच्या डोक्यात आकडा शिरायचा नाही." शिवलीलाबाईंनी तिला मागून घेतलं.

चार वर्षांपूर्वी पटांगणात मुलांची संते भरली. पोरांचाच बाजार, पण माल खरा, पैसेही खरे. रेणव्वा गोणपाटावर लिंबं मांडून बसली होती, चार रुपयांना एक. त्या वेळचे साहेब एकेक दुकान बघत येत होते. आता हिचं कौतुक होणार, हे मला बघवेना. मी पुढे झाले. पाच लिंबं घेतली, पन्नासची नोट दिली. तिनं तीस रुपये परत दिले. साहेब जवळ आले तशी मी म्हणाले, "अगं, शंभर दिले मी. अजून पन्नास दे."

"पन्नासच दिलेत, अक्कोरे."

"मग मी खोटं बोलते? खिशात घातलेस का?"

आठ वर्षांच्या पोरीला, सभाजनहो, मी हे विचारलं. तिनं झग्याचा खिसा उलटा केला. आत शेंगेचं एक टरफल होतं.

शिवलीलाबाई आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "रडायचं नंतर. आधी मोज."

पोरगी हुंदके देत बोटांवर मोजू लागली. "सकाळी पंचवीस लिंबं. अकरा उरली. चौदा गेली. चार, आठ, बारा..." छप्पन्नावर थांबली. "सकाळचे सुट्टे चाळीस. शहाण्णव पाहिजेत." डबा गोणपाटावर उपडा केला. शहाण्णवच निघाले.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शिवलीलाबाई म्हणाल्या, "गर्दीत अक्कोरांची चूक झाली." मी म्हणाले, "हो, चूक झाली."

ती चूक नव्हती.

काल सामान बांधताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"तेव्हाच कळलं."

"मग त्यानंतरही दर संतेला मला बोलावून का नेत होता?"

तर म्हणतात कशा, "अहो, पोरांना असलंही गिऱ्हाईक भेटायला नको का?"

बघा! हेही मला सुचलं नसतं. अजून जळते मी. आज ही पोरं रडताहेत. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन, तेव्हा कोण रडेल?

असो. सोमवारपासून त्यांचा वर्ग माझ्याकडे येतोय. चिंचोक्यांचा डबा मी मागून घेतलाय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपली ऋणी आहे. बोलण्यात उणंदुणं झालं असेल, तर ते आपण मोठ्या मनानं पोटात घालालच. पण रेणव्वा, तू आता सातवीत आहेस, तिथं मागे पाण्याच्या घागरीपाशी उभी आहेस. तू पन्नासच घेतले होतेस, बाळ. तू मला माफ करायलाच हवं असं नाही. नमस्कार.