बायडाबाईचं हाड कुणी मोडलं?

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर राधाकृष्णपंत, व्यासपीठावरचे मामलेदारसाहेब, गावची पंचमंडळी आणि मागं दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बायाबापड्यांनो,

बावीस वर्षं मी, शमशाद, या दवाखान्यात नर्स म्हणून राबले. डॉक्टरसाहेबांनी आत्ताच माझ्या गळ्यात हार घातला. त्यांचे आभार मानणं माझं कर्तव्य. ते मी माझ्या रीतीनं मानणार आहे. दुपारी बाराला माझी नोकरी संपली. आता कुणी माझी बदली करू शकत नाही.

चार वर्षांमागं, बेचाळीसच्या उन्हाळ्यात, बायडाबाईला बाजेवर घालून इथं आणलं. वय पन्नास, खुब्यातलं हाड मोडलेलं. त्या सकाळी मायलेकांची बोलाचाली झालेली शेजाऱ्यांनी ऐकली होती, म्हणून मुलगा भिमाजी फौजदारांच्या ताब्यात. मी बाईचं अंग पुसलं. वळ एकही नव्हता. ती म्हणाली, "नर्सबाई, पोरानं बोटबी लावलं न्हाई. घागर उचलाया वाकले, आन् आतल्या आत काडकन वाजलं."

कोर्टात डॉक्टरसाहेबांनी शपथेवर सांगितलं, काठी बसल्यावाचून हे हाड मोडत नाही, आई मुलाला वाचवते आहे. भिमाजीला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

मी रजा काढली आणि बाईला बैलगाडीतून नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणांचा फोटो काढून उजेडाला धरला. हाड कसलं, नुसती चाळण! पाळी गेली (भर सभेत हा शब्द काढते, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये) की बाईच्या हाडांचा कस उतरत जातो, असं त्या म्हणाल्या. बायडाबाईची तर अडतिसाव्या वर्षीच गेली होती. त्यात नऊ बाळंतपणं, दुष्काळात मारलेलं पोट. गोठ्यातलं दूध तिच्या ओठाला कधी लागलं?

फोटो आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन मी साहेबांपुढं उभी राहिले. ते म्हणाले, "कोर्टात दिलेला शब्द मी परत घेत नसतो. तिकडं डोंगरात, राजूरला बदली हवी का, शमशादबाई?"

माझा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून आहे.

हाड मोडल्यापासून सातव्या महिन्यात बायडाबाई गेली. "मी वाकलेच कशाला?" हे तिचं शेवटचं बोलणं. तिच्या तिरडीला खांदा द्यायला लेक नव्हता.

तो फोटो आणि ती चिठ्ठी मी आज सकाळी मामलेदारसाहेबांच्या हाती दिली आहे. शिक्षा भोगून आलेला भिमाजी तिकडं दाराशी उभा आहे.

आता अध्यक्षीय भाषण व्हायचं आहे. डॉक्टरसाहेब, माझी स्तुती नको. बायडाबाईचं हाड कुणी मोडलं, तेवढं या सभेला सांगा. ते ऐकल्याशिवाय कुणी उठू नये, ही माझी विनंती.

आपण सर्व आलात, उपकार झाले. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मला क्षमा करा. डॉक्टरसाहेबांना करायची की नाही, ते भिमाजीला विचारा.