चाळीस दिवस गप्प

हॅलो? …हो लाइल, मार्लिसच बोलतेय. काय झालं?

…पुसून टाकलास? रिसेप्शनवरचा कंप्युटर, आतल्या व्हायरससकट? …कधी? …जेवायच्या आधी. आणि मला सांगतोयस दोन वाजता.

नाही, चिडले नाहीये. …बरं, चिडलेय. अरे, पाण्याच्या प्लांटच्या नेटवर्कमध्ये घुसलेल्या त्या चोरांना चाळीस दिवस नुसतं बघत बसलोय, ते काय हौस म्हणून? एक बीळ बुजवलं की घूस दुसरं उकरते. सगळी बिळं हुडकून उद्या सकाळी सहाला एकदमच हाकलायचं ठरलं होतं ना?

…हो, हो, ठाऊक आहे, तुला घाण बघवत नाही. …काय? मेल? …कुणाकुणाला?

…सगळ्यांना. 'व्हायरस सापडलाय, पासवर्ड बदला.' लाइल, आपले मेल ते वाचतात. म्हणून तर मी तीन आठवडे तुझ्या घरी येऊन बोलतेय. तुझ्या बायकोच्या, जोनच्या हातचा तो ओव्हनमधला हॉटडिश खायला येत नव्हते रे.

थांब… स्क्रीनवर बघू दे. …जागे झालेत. …अरे देवा, क्लोरीनच्या पंपाशेजारच्या मशीनवर आलेत. नऊ हजार घरं पितात ते पाणी.

…नाही, त्यांना हाकलायला सेंट पॉलहून येणारी सायबरवाली माणसं उद्या येणार. उद्यापर्यंत कोण थांबतंय? कर्टिस पंपाजवळ आहे? …मग हाक मार त्याला. हाताने चालव म्हणावं, आत्तापासून. …काय म्हणाला? …हातावर घेतला? नक्की ना? विचार परत.

…बरं. आता तू नेटवर्कची मुख्य वायर काढ. …हो, भिंतीतली, निळी. …पडेल ना, सगळंच बंद पडेल. …ठाऊक आहे, बावीस वर्षांपूर्वी तूच टाकलीस. म्हणूनच तुला सांगतेय, दुसऱ्या कुणाला ती सापडायचीही नाही.

…ऐकत असतील तर ऐकू देत. आता झाकायचं काय राहिलंय?

…माफी नंतर माग. …नंतर म्हटलं ना. …लाइल, रडतोयस? अरे, चाळीस दिवस घरात चोर बघत गप्प बसणं सोपं नाही. माझेही हात दोनदा शिवशिवले. तुझा राग येतोय, खोटं नाही सांगत. पण आत्ता तिथे तूच हवायस मला.

ऐक ना. हा तुझा टेबलावरचा फोनही त्याच वायरवर आहे. काढलीस की हाही जाईल. …हो, मग मला कळेल.

…काढतोस ना? …लाइल?

हॅलो?

…हॅलो?

…शाबास, म्हाताऱ्या.