दुसरा पापुद्रा

—निरोप नंतर सांग गं बाई, निरोप काय पळून चाललाय का? आदी हिकडं ये, ह्या दिव्याखाली, आन ह्ये बग. दिसलं? आता मला सांग, नांदेडहून एसटीत ह्यो कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन आलीस, चार तास — कशासाठी? तर अमरेशनं सांगितलं, लातूरला आमच्या श्रीशैलअण्णाकडं जा. हां! आता आठवला अण्णा. तीन वर्सं झाली, सख्खा भाऊ, ना फोन, ना सणाला तोंड दाखवणं, आन आता जाळून ठेवलेला माल अण्णाच्या टेबलावर. बस, त्या खुर्चीवर बस. — प्लास्टिक ओढू नको खुर्चीचं, नवी हाय ती. नवी म्हंजे मागल्या दसऱ्याला घेतली, पर नवीच की.

काय नाव म्हनलीस? पुनम. तर पुनमबाई, लग्नाचे व्हिडिओ करतीस तू, बरोबर? कार्यालयातच बसून एडिट करायचं, नवरी सासरी जायच्या आत नवऱ्याच्या मोबाईलवर गेलं पायजे — लोकांना तेवढाबी दम न्हाई आता. म्हनून डबा पायजे पिशवीत मावंल एवढा, आन पळायला पायजे मोठ्या कॉम्प्युटरसारखा. मंग करा ओव्हरक्लॉक! कंपनीनं मरमर करून अभ्यास केला, सांगितलं, बाबा ह्यो प्रोसेसर एवढ्याच वेगानं पळव. न्हाई, आमाला अक्कल जास्त, आमी त्याच्या वरी पळवणार. — तू न्हाई केलंस? घेतला तवाच केलेलं होतं? मंग अमरेशनं केलं असंल, दुसरं कोन. थांब, मधी बोलू नको, आदी ऐक. ह्या काळ्या दान्यावर बारीक नंबर हाय, वाच बरं त्यो. हितं उजेड कमी हाय, कवाचा म्हनून राहिलो, ट्यूब बदला, ट्यूब बदला. हां, तीन-शून्य… बरं. ह्ये काळे चौकोनी दाणे म्हंजे मॉसफेट. बारा व्होल्ट येतंय वरून, त्याचं सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला पाजायचं, ह्ये काम ह्येंचं. प्रोसेसर जितका पळंल तितका करंट ह्येंच्यातून जातोय, तितके ह्ये भाजतात. आन लोक काय करतात? प्रोसेसरच्या डोक्यावर पान्याचा कूलर, लायटी, पायपा, नवरदेवासारखा थाट — आन ह्येंच्याकडं कुत्रंबी बघत न्हाई. पयलं निदान प्रोसेसरच्या पंख्याची उलीशी हवा ह्येंच्या अंगावर पडायची, पान्याचा कूलर बसवला की तीबी गेली. त्यात डबा एवढासा, त्यात आपला मे महिना. जळंल न्हाई तर काय व्हईल.

पर ह्ये त्येच्यानं जळालं न्हाई. ऐक नीट. ह्या दान्यांच्या वरी ही अॅल्युमिनियमची पट्टी असती, हीटसिंक, आन दोघांच्या मधी ह्यो मऊ पॅड, चिंगमसारखा. दान्याची उष्णता पॅडनं घ्यायची आन पट्टीला द्यायची, संपलं, एवढं सोपं काम. आता ह्ये चिमट्यात काय आलंय ते बग — पॅड आन दान्याच्या मधून निघालं. पापुद्रा! प्लास्टिकचा पापुद्रा, काढायचाच राहिला. जळून तपकिरी झालाय म्हनून तर दिसला. म्हंजे इतके दिवस ह्ये दाणे गोधडी पांघरून चुलीम्होरं बसले होते, समज! हसू येतंय तुला? मला येत न्हाई. आपल्या लोकांची ही खोडच हाय. फ्रिजचं प्लास्टिक काढायचं न्हाई, रिमोटचं काढायचं न्हाई, गाडीच्या सीटचं फाटून चिंध्या झाल्या तरी काढायचं न्हाई — नवं राहतंय म्हनं! माझं एवढं आयुष्य गेलं लोकांच्या वस्तूंचं प्लास्टिक काढण्यात. — खुर्चीचं येगळं. खुर्ची काय तापती का?

आन ह्येच, बिलकुल ह्येच, अमरेशनं तीन वर्सांमागं केलं होतं. तवा त्यो हितंच बसायचा, तू बसलीस तिथं. आमच्या अप्पानं, माणिकप्पानं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलेलं, त्यात आमी दोघं भाऊ. हितल्या एका डाळ मिलवाल्याचा सॉर्टर होता — तुरीतला काळा दाणा कॅमेऱ्यानं बघून उडवणारी मशीन — तिचा लहान कॉम्प्युटर. मालक म्हनला, वेग वाढवून द्या, माल जास्त निघंल. दिला वाढवून. आठ दिवसांत धूर. भर सीझनला मिल बंद, मालक हितं दारात येऊन असा वरडला, असा वरडला, गंजगोलाईची सगळी बाजारपेठ गोळा झाली. म्या पट्टी खोलली. पॅडखाली पापुद्रा! मंग म्या काय करावं? चारचौघांत ईचारलं अमरेशला, डोळे फुटले होते का तुजे? अप्पाच्या नावाला काळं लावलंस. त्यो पॅडकडं बघत ऱ्हायला, मंग माझ्याकडं, आन म्हनला — हाव अण्णा, मी विसरलो. एवढंच. पंधरा दिवसांत सोल्डरिंग गन पुसून जागेवर ठेवली आन नांदेडला गेला. आमच्या घरातली, रुद्राणी, आजून मला बोलती, एका पापुद्र्यापायी भाऊ घालवला म्हनून. पापुद्र्यापायी न्हाई म्हनलं, बेजबाबदारीपायी. आन बग, माझं खरं झालं की न्हाई? तीन वर्सांनी त्योच माणूस, तीच चूक. आता रुद्राणीलाच बोलावतो वरून, ह्ये चिमट्यातलं दाखवतो तिला.

दुसरा पॅड कुठून आनायचा म्हनतीस? ह्या ड्रॉवरातून. नवा पॅड देतो तुला लावून, आन म्होरं कसा लावायचा ते तूच शीक, अमरेशच्या भरवशावर राहू नको. हे बग, वरी निळा पापुद्रा, धरला कोपरा, ओढला. झालं. खालच्या बाजूला काय नसतंय. पयलं असायचं, दोन्ही बाजूंनी, म्याच अमरेशला शिकवलं होतं, दोन्ही बाजूंनी नख लावून बघायचं — पर चार-पाच वर्सांपासून एकच येतोय. कंपन्या बचत करून राहिल्यात, दुसरं काय, सगळाच माल हलका झालाय आता. धर. आता ह्ये डायरेक्ट दान्यावर… तू काय करून राहिलीस? नख कामून लावतीस त्याला, फाटंल त्यो. फाटंल म्हनतो ना — काय? काय काढलंस? दाव.

हाताला तर काच लागल्यासारखा, आरपार दिसणारा पापुद्रा… ह्ये खालून निघालं? आत्ता? माझ्यासमोर? — असंल. एखाद्या पॅकेटात असंल, मशीनची चूक. दुसरा घे. त्याच पाकिटातला न्हाई, ह्या पाकिटातला घे. काढ. …बरं, तिसरा काढ.

असू दे, असू दे. कंपनीनं परत चालू केलं असंल, सांगतात का त्ये आपल्याला? आन त्येनं अमरेशची चूक कमी होती काय? त्याचे डोळे चांगले हायत, माझ्याहून बारा वर्सांनी लहान हाय त्यो, त्याला दिसायला काय झालं होतं? — आता काय आजून? बोल, बोल, मघापास्नं तोंड उघडून बसलीस. …अमरेशनं न्हाई बनवला? मंग कुनी बनवला? तू कुणाकडनं घेतला? जुना घेतला? पाडव्याला? नांदेडातच घेतला ना?

लातूरला. कुणाकडनं म्हनलीस — शिवप्रसाद सर. फिजिक्सचे क्लास घेत्यात त्ये. हां, ओळखतो की, चांगला ओळखतो. एमआयडीसीला क्लास हाय, डाळ मिलच्या भिंतीला लागून. तरीच. तरीच म्हनलं, नांदेडच्या डब्यात ही पिवळी धूळ कुठून. वास घेऊन बग पंख्याचा — तूर. म्या मघाच घेतला होता वास, म्हनलं असंल तिकडंबी एखादी मिल. सरांना व्हिडिओ करायचे होते मुलांसाठी, गोळे फिरत्यात, लाटा हलत्यात असले, म्हनले, अण्णा लहान डबा करा पर पळायला पायजे. करून दिला. दोन वर्सं झाली. पान्याचा कूलर म्याच सांगितला, वेग म्याच वाढवला. ही पट्टी… स्क्रूवर लाल ठिपका होता ना गं, म्या आत्ता खरवडून खोलला? नेलपॉलिशचा. अप्पाची रीत — काम झालं की स्क्रूवर ठिपका द्यायचा, म्हंजे दुसऱ्या कुनी खोललं तर कळतंय. रुद्राणीच्या बाटलीतला ठिपका. मला वाटलं अमरेशचा असंल, त्यो बी हितंच शिकला. तवा त्यो हितं नव्हता. त्याला जाऊन वर्स झालं होतं.

न्हाई, पानी नको. बस तू. मी काय म्हनून राहिलो — ह्यो एक झाला माझा. होतंय. माणूस हाय. पर मिलचा… मिलचं काम दोघांनी केलं होतं, अर्धं त्यानं, अर्धं म्या. बोर्ड त्यानं बसवला. वायरी त्यानं केल्या. पॅड — पॅडचं काम त्यालाच दिलं असंल. दिलं असंल. मी कामून करंन पॅड, मी तर तवा — मी तर ह्याच जागेवर बसून पट्टी कापत होतो. आन पट्टी कापणाराच पॅड लावतोय, त्याच्याच हातात माप असतंय. आन त्यो माझ्याकडं बघत ऱ्हायला होता. पॅडकडं, मंग माझ्याकडं. मला वाटलं भ्यालाय. बारा वर्सं माझ्या टेबलाला टेबल लावून बसलेला पोरगा, माझा हात कुठं चुकतोय, मी कागद किती लांब धरून वाचतो, सगळं ठावं त्याला. मिलवाला वरडून राहिला, चारचौघं उभे, आन त्यो म्हनला, मी विसरलो. कामून म्हनला असंल गं असं? सांग की. तुला काय ठावं म्हना.

रुद्राणीला आवाज देऊ नको. राहू दे, काय दाखवायचं न्हाई तिला.

काय होता निरोप? मघाचा. अमरेशचा निरोप, जो तू आल्यापास्नं सांगून राहिलीस आन मी — सांग. जसा सांगितला तसा सांग.

"अण्णाला म्हनावं, लाल ठिपका बघितला आन तसाच पाठवला. मी खोललं न्हाई. कुणाला खोलू बी दिलं न्हाई."

एवढंच? बरं.

डबा राहू दे हितं, परवा ये, दाणे बदलून देतो. दोन्ही पापुद्रे तूच काढ येऊन, मी लावतो. — त्याचा नंबर हाय ना तुझ्या मोबाईलात? माझ्यातला म्या तवाच पुसून टाकला. काढ. न्हाई, तू लावू नको, मला दे. कुठाय? ह्ये आकडे मोठे कर जरा. आजून मोठे. दिसत न्हाई गं मला. हां, आता दे — आन तू जरा बाहेर जाऊन उभी ऱ्हा.