तबकड्यांच्या गावची हाक

“रांगेत दुसऱ्यांच्या बोलण्याकडे कान देऊ नये,” कात्रिनाची आई सांगायची. म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या कारू माळरानावरच्या दवाखान्यात ती मनातल्या मनात सकाळची प्रार्थना म्हणत होती. पण मागच्या बाकावर मायलेकांचं चाललंच होतं.

“डेन्वर, तुझ्या बापाची छाती कालपासून दुखतेय. मेंढ्या व्यायल्यात, म्हणून तो माळावरून हलत नाही. त्याला मोबाइल देऊन ये.”

“तबकड्यांच्या माळावर मोबाइल नेता येत नाही, मा. त्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आकाशाचं ऐकतात. माणूस जन्मायच्या आधी ताऱ्यांकडून निघालेली हाक आत्ता पोचतेय. मोबाइलच्या गोंगाटात ती बुडून जाईल.”

“तुझी नोकरी तबकड्यांची, पोर मात्र माझं. एवढ्या लांबचं ऐकता, मग तुझ्या बापानं हाक मारली तर कोण ऐकणार?”

“मी ऐकेन. रजा काढतो, तो बरा होईपर्यंत तिथेच राहतो.”

“आणि तुझी पेट्रोलची गाडी? तिच्या ठिणगीचाही त्रास होतो म्हणे त्यांना.”

“माळाच्या फाटकाशी ठेवतो. पुढे दोन तास चालेन.”

“शब्द दे.”

“दिला.”

कात्रिनानं पाय आवरून वाट दिली. डेन्वरनं औषधांच्या खिडकीतून बापाच्या गोळ्या घेतल्या, मोबाइल बंद करून आईच्या मांडीवर ठेवला, आणि टोपी घालून तो बाहेर पडला.