आत्या बाहेर गेल्यावर

(टोंगा. रुग्णालयातली तपासणीची खोली. नर्स कालेसिता, मानासे आणि ऑकलंडहून आलेली त्यांची मुलगी लुपे. मानासेंची थोरली बहीण आत्ताच उठून बाहेर गेली आहे.)

कालेसिता : काका, मघाशी म्हणालात, थेंबही घेत नाही. तेच लिहू?

मानासे : लिही की. कुणी अडवलंय?

लुपे : बाबा!

मानासे : तू गप्प बस. ताईला इथवर आणलंस, तेवढं पुरे झालं.

लुपे : दुसऱ्या कुणाचं ऐकता का तुम्ही? आत्याचा शब्द मोडत नाही, म्हणून आणलं.

कालेसिता : आणि मला वाटलं, आत्ता बाहेर गेल्या त्याच तुझी आई. मी त्यांच्यादेखत सरळ दारूचंच विचारलं!

लुपे : आई गेली. तिच्याच दुखवट्याचं हे काळं नेसलेय.

कालेसिता : देवा. अगं, पण बहिणीसमोर भाऊ असलं कबूल करेल का कधी? आपल्यात भाऊबहीण एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघत नाहीत. ऑकलंडला जाऊन हेही विसरलीस?

लुपे : विसरले नव्हते. घाबरले होते.

मानासे : विमान चुकेल म्हणून घाबरली. मला इथे कोंडलं की ही मोकळी.

कालेसिता : इथे कुणी कोंडत नाही, काका.

मानासे : मग गळ्यात किल्ली कसली?

कालेसिता : औषधांच्या कपाटाची.

मानासे : असं म्हणतात खरं. कोणत्या चर्चची तू? रविवारी गायला कुणाशेजारी उभी राहतेस?

कालेसिता : तुमच्या चर्चची नाही. तुमच्या गावात माझं कुणी नाही. इथलं बोलणं बाहेर नेलं तर नोकरी जाईल माझी.

मानासे : नोकरी गेल्यावर तर बोलायला वेळच वेळ.

लुपे : बाबा, परवा पहाटे तुम्ही कंबरभर पाण्यात उभे होतात.

मानासे : खेकडे बघत होतो.

लुपे : चर्चचा कोट घालून?

मानासे : ...तुझी आई, सिसिलिया, हाक मारत होती. तुला नाही ऐकू आली?

लुपे : नाही, बाबा. मला नाही येत. यावी असं फार वाटतं.

कालेसिता : काका, हात बघू. हे थरथरणं बघा. घरच्या घरी एकदम सोडलीत तर झटके येतील. इथे राहिलात तर औषध देऊन हळूहळू सोडवता येते. त्या हाकेबद्दलही डॉक्टर बोलतील तुमच्याशी. पण किती पिता ते खरं सांगितलं नाहीत, तर औषधाचं माप चुकेल.

मानासे : गोळीने हाक बंद होते?

कालेसिता : कदाचित.

मानासे : मग नकोच तुझी गोळी.

लुपे : अजून हे काळं उतरवलं नाही मी. लगेच तुमच्यासाठी दुसरं नेसायला लावू नका.

मानासे : ...ताईला काय सांगून आणलंस?

लुपे : साखर तपासायचीय, एवढंच.

मानासे : खोटं. तू सगळं ओकली असशील.

लुपे : नाही हो. आईच्या मातीची शपथ.

मानासे : बघ खिडकीतून. उन्हात बसली असेल. तपासून झालं म्हणावं, घरी जाऊ.

लुपे : बाकावर नाहीये. टॅक्सीत बसतेय... गेली.

मानासे : न सांगता?

लुपे : बाकावर काहीतरी ठेवलंय. बाबा, तुमची उशी आहे.

मानासे : माझी उशी? तू आणलीस?

लुपे : मी नाही. आत्याच्या पिशवीत असणार, सकाळपासून. साखर तपासायला कुणी उशी घेऊन येतं?

कालेसिता : काका, लिहू का? शेवटची कधी घेतलीत?

मानासे : आज सकाळी. ताईची टॅक्सी फाटकात दिसली, तेव्हा ग्लास विसळला.